डोक्याकडचं टोक

तोपोल्यात हवामान दोन ठिकाणी कळायचं. एक, दुपारच्या जेवणाच्या वेळी रेडिओवर. आणि दुसरं, टेक्ला सेंबाल्युकच्या स्वयंपाकघरात.

रेडिओवरचा माणूस बोलायचा तो कडक इस्त्रीच्या कॉलरमधून. "वायव्येकडून मध्यम वारे. काही भागांत. तुरळक. हिमवर्षाव. संभवतो." प्रत्येक शब्दानंतर तो थांबे, जणू पुढचा शब्द गोठलाय का हे बोटानं चाचपून बघतोय. त्याला दोन-तीन दिवसांपलीकडचं दिसत नसे, आणि तसं तो प्रामाणिकपणे सांगतही असे. टेक्लाला मात्र ऑक्टोबरातच एप्रिल दिसायचा.

चर्चशेजारच्या सभागृहातली चूल तिच्या ताब्यात होती. लग्न असो, बारसं असो, नाहीतर मयतानंतरचं जेवण, ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली की पाद्रीबाबासुद्धा "येऊ का?" असं विचारून मगच पाऊल आत टाकत. बोलायची भराभर, आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला एक 'कळलं?' ठोकायची, फळीत खिळा मारावा तसं. "कोबी बारीक चिर, कळलं? पाय झटकून ये, कळलं?" अख्खं गाव तिला मावशी म्हणे; तिच्याहून वयानं मोठा असलेला, नाकातून शीळ वाजणारा म्हातारा प्रोकोपही. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नणंदेची ओरिस्या मात्र तिच्याच ओट्याखाली, पिठाच्या डब्याला टेकून लहानाची मोठी झाली होती.

नवरा ओनुफ्री. तिनं तासभर बोलावं आणि त्यानं 'हं' म्हणावं, असा त्यांचा संसार. पण त्या 'हं'चे प्रकार होते. एक होकाराचा, एक नकाराचा, आणि तिसरा म्हणजे 'काय बोललीस ते ऐकलं नाही, पण तुझंच खरं'. टेक्लाला तिन्ही ओळखू यायचे आणि तिसऱ्यावर ती सर्वांत जास्त चिडायची.

दर ऑक्टोबरात, पहिलं भुरभुरतं बर्फ पडून गेलं की ओनुफ्री डुक्कर कापायचा. मांस, चरबी, आतडी यांची वाट ठरलेली. पण सगळ्यांत आधी बाहेर यायची ती पानथरी, म्हणजे प्लीहा. हातभर लांब, गर्द जांभळी, बैलाच्या जिभेसारखी. ओनुफ्री ती लाकडी ताटात घालून आणायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा, आणि टेक्ला सुरीच्या पाठीनं तिच्यावर रेघा ओढून सहा भाग करायची. सहा भाग म्हणजे हिवाळ्याचे सहा महिने. डोक्याकडचं टोक नोव्हेंबर, शेपटीकडचं एप्रिल. मग डोळे मिटून अंगठा फिरवायचा. जिथं सपाट, तिथं हवा शांत. जिथं जाड, तिथं थंडी. जिथं गाठ आली, तिथं वादळ, आणि गाठीवर पांढरी चरबी असली तर वादळाबरोबर बर्फ.

हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. ते जुन्या देशातून एक ट्रंक, एक कोयता आणि हे एवढं ज्ञान घेऊन सास्काचेवानच्या माळावर आले होते. डुकराला हे कसं कळतं, असं लहानपणी तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "त्याला काही कळत नाही गं. त्याच्या अंगाला कळतं." एवढ्यावर तिचं समाधान झालं होतं ते कायमचं.

गोष्ट एकच. पानथरीची दोन्ही टोकं दिसायला अगदी सारखी. एकदा का ती डुकरातून बाहेर आली, की डोक्याकडचं टोक कुठलं हे फक्त काढणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ओनुफ्री नेहमी टेबलाच्या अलीकडे, टेक्लाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा आणि डोक्याकडचं टोक डाव्या हाताला येईल असं ताट ठेवायचा. इतकी वर्षं असंच चाललं होतं. बोलायचीसुद्धा गरज पडत नसे.

आणि तिच्या शब्दावर लोक खरंच चालायचे. गुरं कधी आत घ्यायची, दात काढायला शहरात कधी जायचं, लेकीला बाळंतपणासाठी कधी आणायचं, सगळं टेक्लाच्या अंगठ्यावर. लग्नाच्या तारखाही. त्यांच्यात नाताळ जुन्या पंचांगानं जानेवारीत येतो, आणि त्याआधीच्या उपासात आणि सणांत लग्न लागत नाही, आणि ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासातही नाही. मधे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एक अरुंद फट उरते. नेमक्या त्याच दिवसांत माळावरचा वारा माणसाला उभा राहू देत नाही. त्या फटीतून लग्न सुखरूप बाहेर काढायचं म्हणजे कसब होतं.

त्या वर्षी ओरिस्याचं लग्न होतं.

ऑक्टोबरात ओनुफ्री ताट घेऊन आला तेव्हा स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं होतं. भर पडली होती ती एका नव्या फ्रीझरची. लग्नाच्या पिरोह्या आधीपासून करून ठेवायच्या, म्हणजे मोठी पेटी हवीच, असा हट्ट टेक्लानंच धरला होता. बटाटा भरलेल्या त्या उकडीच्या करंज्या, त्याही गावजेवणाच्या. ती पांढरी पेटी टेबलाच्या अलीकडे, नेमकी ओनुफ्रीच्या उभं राहायच्या जागी येऊन बसली होती. ओनुफ्रीनं पेटीकडे पाहिलं, 'हं' केलं, आणि टेबलाला वळसा घालून पलीकडून ताट ठेवलं.

टेक्लानं रेघा ओढल्या, डोळे मिटले.

"नोव्हेंबर, लोणी. डिसेंबर, तोही गुळगुळीत. कोट उघडे टाकून फिरा, कळलं?" अंगठा पुढं सरकला आणि थांबला. "अगं बाई. जानेवारी. नाताळचे सण संपले की लगेच. गाठ आहे, आणि वर चरबीची टोपी."

वधूची आई युस्तिना, म्हणजे ओनुफ्रीची बहीण, नाकातून आणि लांबवून बोलायची, प्रत्येक शब्दाला ताणलेला रबर बांधल्यासारखं. "वहिनीऽऽ, त्याच शनिवारी तर लग्न धरलंय गंऽऽ."

"मग सोड. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार घे. हे बघ, काच आहे काच. मार्च जाड, एप्रिलला गाठी, पण तोवर लग्न उरकलेलं असेल. विनिपेगहून वऱ्हाडाची बस येणार ना? झोपून येऊ दे, कळलं?"

युस्तिनानं तारीख बदलली. पाद्रीबाबांना सात गावची चर्चं सांभाळायची असत. त्यांनी आपला शनिवार मोठ्या मुश्किलीनं सोडवून दिला. बस बदलली, वाजंत्रीवाले बदलले.

मग हिवाळा आला, आणि त्यानं टेक्लाचं काहीच ऐकलं नाही.

लोण्यासारखा नोव्हेंबर असा काही कोसळला की प्रोकोपची कोंबड्यांची खुराडी वसंतापर्यंत सापडणार नाहीत असं वाटलं. टेक्ला म्हणाली, डुक्कर या वेळी बाहेरून विकत आणलं होतं, त्याला इथली हवा काय माहीत. डिसेंबरात थर्मामीटरचा पारा तळाच्या गोळीत जाऊन बसला. टेक्ला म्हणाली, हे काय, चार दिवसांचं आहे. आणि जानेवारीत, सण झाल्यावर, ज्या शनिवारी गाठ होती, त्या शनिवारी इतकं लख्ख ऊन पडलं की छपरांवरून थेंब गळायला लागले आणि माणसं कोटाची बटणं सोडून चर्चच्या पायऱ्यांवर बसली.

प्रोकोपनं तिला बघून हात भुवयांवर धरला आणि क्षितिजाकडे टक लावून पाहिलं. "मावशी, श्शीऽ, वादळ शोधतोय. रस्ता चुकलं असेल बिचारं."

युस्तिना तर चर्चमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली, "आज माझ्या ओरिस्याचं लग्न असतंऽऽ. असल्या उन्हातऽऽ." दुकानात कुणीतरी रेडिओवरच्या माणसाची नक्कल करत म्हणालं, "टेक्लामावशींच्या. काही भागांत. तुरळक. अक्कल. संभवते." टेक्ला हे सगळं ऐकून घेत होती. तोंडानं "येईल, येईल" म्हणत होती. पण पिरोह्या वळताना तिची बोटं चुकायला लागली होती, आणि तिच्या वाक्यांच्या शेवटचा 'कळलं?' कधी गळून पडला ते तिलाही कळलं नाही.

लग्नाला आठवडा उरला होता. रविवारचं जेवण. टेक्लाचे दोन्ही हात कणकेनं माखलेले; पानं नेहमीसारखी ओनुफ्रीनं मांडली. फ्रीझर आल्यापासून तो टेबलाच्या पलीकडेच बसे. तिथूनच वाकून त्यानं तिची ताटली सरकवली, काटा ठेवला, सुरी ठेवली. टेक्ला हात धुऊन बसली आणि रोजच्यासारखी काटा उचलून डाव्या बाजूला ठेवायला गेली.

काटा हातातच राहिला.

ऑक्टोबरापासून ती रोज हेच करत होती. तो काटा-सुरी उलट्या बाजूंना ठेवायचा, ती सरळ करून घ्यायची आणि जेवायला लागायची. पलीकडून ठेवणाऱ्याचा डावा हात म्हणजे तिचा उजवा.

"ओनुफ्री, पानथरी ठेवलीस तेव्हा तू कुठं होतास?"

ओनुफ्रीनं सूप ओढणं थांबवलं. फ्रीझरकडे बघितलं. मग टेबलाकडे, मग आपल्या डाव्या हाताकडे. त्याच्या तोंडून चौथ्या प्रकारचा 'हं' निघाला. तो तिनं आजवर ऐकलेला नव्हता.

तिनं ओट्यावरचा पंचा ओढून टेबलावर पसरला. चिमटीनं सहा घड्या पाडल्या. मधली रेघ, म्हणजे जानेवारी संपून फेब्रुवारी लागतो ती. गाठ होती तिथं तिनं मिठाचा खडा ठेवला, रेघेच्या थोडं अलीकडे. आणि मग खडा उचलून पलीकडे, तेवढ्याच अंतरावर ठेवला. शेपटीकडून वाचला तर एप्रिलचा नोव्हेंबर झाला होता. तो कसा कोसळला ते सगळ्यांनी पाहिलंच होतं. आणि खडा जिथं पडला तो फेब्रुवारीचा दुसरा शनिवार होता. तिनं पोरीचं लग्न बरोबर त्या खड्यावर नेऊन ठेवलं होतं.

"माझीच चूक," ओनुफ्री म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषण होतं.

"फ्रीझर कुणाला हवा होता?" टेक्ला म्हणाली. "जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती युस्तिनाकडे गेली. युस्तिना शिवणयंत्रावर ओरिस्याच्या लग्नाच्या झग्याचा मागं लोळणारा पदर शिवत होती, आणि तिचा पिवळा कॅनरी पक्षी पिंजऱ्यात गळा काढत होता. टेक्लानं सरळ सांगितलं, आपण पानथरी उलट्या बाजूनं वाचली, वादळ याच शनिवारी आहे, लग्न आठवडाभर पुढं ढकल. युस्तिनानं यंत्र थांबवलं.

"वहिनी, एकदा तुझं ऐकून हललो. वादळ आलं नाही. आता पुन्हा हलू म्हणतेस? पुढच्या आठवड्यात पाद्रीबाबा नाहीत, त्यानंतर मोठा उपास. ईस्टरपर्यंत पोरीनं काय करायचं, पिरोह्यांवर बसून राहायचं?" तिच्या आवाजातला रबर तुटला होता. "रेडिओ काय म्हणतो ते ऐकलंस? स्वच्छ आकाश, त्याला दिसतंय तिथवर. तो तरी आपलं नाव राखायला बोलत नाही."

हे शेवटचं वाक्य टेक्लाला लागलं, कारण ते सबंध खोटं नव्हतं. जानेवारीभर ती 'येईल, येईल' म्हणत होती ती नावासाठीच. आणि आता गप्प बसली तर नाव थोडंफार तरी उरण्यासारखं होतं. वादळ आलं तर म्हणता येईल, बघा, आलंच, थोडं उशिरा. आणि नाही आलं तर कुणाला काही कळायचंही कारण नाही. विनिपेगच्या रस्त्यावर मात्र माणसांनी भरलेली एक बस असेल.

दारापर्यंत ओरिस्या तिला सोडायला आली. "मावशी, तुला नक्की वाटतंय?"

"नाही गं," टेक्ला म्हणाली. "नक्की तर जानेवारीतही वाटत होतं."

घरी येऊन तिनं फोनचं हँडल फिरवलं आणि विनिपेगचा नंबर मागितला.

तोपोल्यात तेव्हा सगळ्या घरांची मिळून फोनची एकच तार होती. कुठंही घंटी वाजली की बाकीच्या घरांतली माणसं हळूच आपला फोन उचलायची. प्रत्येक उचलण्याचा एक बारीक टक् असा आवाज व्हायचा, आणि बोलणाऱ्याचा आवाज जरा बारीक व्हायचा. विनिपेगला नवऱ्या मुलाची आई, इव्हान्नाबाई, फोनवर आल्या तेव्हा पहिला टक् झाला. पाठोपाठ एक शीळ. प्रोकोप. मग आणखी दोन टक्. आणि मग, अगदी स्पष्ट, कॅनरीचा गळा.

टेक्लाला वाटलं, ठेवून द्यावा. पण तिकडून इव्हान्नाबाई शहरी, तोलूनमापून म्हणत होत्या, "बोला ना, मी ऐकते आहे."

"सगळेच ऐकताहेत," टेक्ला म्हणाली, आणि तिनं सांगितलं. मी हवामान बघते. मी यंदा चुकले. पानथरी उलट्या टोकानं वाचली, चूक माझी एकटीची. लग्नाच्या दिवशी वाटेत बर्फ आणि वादळ मिळेल असं मला वाटतं. बस शनिवारी पहाटे न काढता गुरुवारी काढा. माणसं आमच्या घरांत मावतील. आणि वादळ नाही आलं, तर जन्मभर मला हसा, माझी तक्रार नाही.

तारेवरची शीळ थांबली. प्रोकोपनं नाक धरलं असावं.

"म्हणजे," इव्हान्नाबाईंनी सावकाश विचारलं, "तुम्ही डुकराची पानथरी बघून सांगता आहात?"

"हो."

"आणि ती चुकीची वाचलीत म्हणून आता आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवायचा."

टेक्लानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो," ती म्हणाली. "तेवढंच आहे माझ्याकडं."

इव्हान्नाबाईंनी खोल श्वास घेतला. त्या नाही म्हणणार होत्या, हे अख्ख्या गावाला त्या श्वासात ऐकू आलं. तेवढ्यात कॅनरी गप्प झाला. कुणीतरी पिंजऱ्यावर कापड टाकलं असावं.

"विहीणबाई," तारेत तिसराच आवाज आला, नाकातला. "मी युस्तिना. गुरुवारी याच तुम्हीऽऽ. पिरोह्या वळायला हात कमी पडताहेत." आणि मग, "आमच्या वहिनीला मी आजवर 'चुकले' म्हणताना ऐकलं नव्हतं. तीस वर्षं वाट बघत होते. तेव्हा मला भीती वाटायला लागलीय."

त्या दिवसापासून टेक्लाचा 'कळलं?' परत आला.

सभागृह उबदार ठेवायला समितीनं नुकतीच तेलावर चालणारी भट्टी बसवली होती, पण तिचा पंखा विजेवर. तारा तुटल्या की ती गार. म्हणून लाकडांवर पेटणारा जुना लोखंडी स्टोव्ह परत हवा. तो प्रोकोपच्या गोठ्यात पडला होता आणि त्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. प्रोकोप म्हणाला, "मावशी, तिला तू सांग. माझं ऐकत नाही." टेक्लानं कोंबडीला सांगितलं, आणि कोंबडी उठली. ओनुफ्रीनं स्टोव्हचं धुराडं खिडकीच्या वरच्या काचेतून बाहेर काढलं. दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवलं, कारण विहिरीचा पंपही विजेवर. लाकडं दाराच्या आत रचली. सगळ्या घरांतली राख बादल्यांतून आणून पायऱ्यांशी ठेवली. सभागृहापासून चर्चपर्यंत आणि मागच्या संडासापर्यंत दोरखंड बांधला, उघड्या डोळ्यांनी दिसेनासं झालं तर हातानं धरून जाता यावं म्हणून. कंदील पुसले. पिसांच्या रजया, गाद्या, घोंगड्या, कुणाच्या तरी आजेसासूचा अस्वलाच्या कातड्याचा कोट, सगळं मंचावर रचलं. बाहेर आकाश निळंशार होतं. माणसं घाम पुसत होती आणि एकमेकांकडे बघून हसू दाबत होती.

"मावशी, छत्री पण घेऊ का, ऊन लागतंय," कुणीतरी म्हणालं.

"घे. आणि राखेची बादलीपण घे, कळलं?"

बस गुरुवारी सुखरूप पोचली. इव्हान्नाबाई फरच्या टोपीत उतरल्या, निळ्या आकाशाकडे बघितलं, टेक्लाकडे बघितलं, आणि हातमोजे काढून पिरोह्या वळायला बसल्या. त्यांच्या पिरोह्यांच्या कडा टेक्लाहून सुबक येत होत्या, हे टेक्लानं पाहिलं आणि गिळलं.

त्याच दुपारी रेडिओवरचा माणूस पहिल्यांदाच वाक्याच्या मध्ये न थांबता बोलला. दक्षिणेकडून ऊबदार हवा येतेय, उत्तरेकडून गार, उद्या दुपारनंतर गोठता पाऊस, मग जोराचं हिमवादळ, शक्यतो प्रवास टाळा. स्वयंपाकघरात लाटणी थांबली. टेक्ला रेडिओपाशी गेली आणि तिनं आवाज वाढवला. "शाबास," ती त्या खोक्याला म्हणाली. त्याला कुणी कधी असं म्हटलं नसावं.

शुक्रवारी दुपारी पाऊस आला, साधा, मऊ, जानेवारीतल्या थेंबांसारखा. जिथं पडला तिथं काच झाला. कुंपणाची तार बोटाएवढी जाड झाली, पॉप्लरची झाडं कमरेतून वाकली आणि एकेक फांदी गोळी सुटल्यासारखी कडाडून तुटायला लागली. मग वीज गेली. मग वारा उठला आणि समोरचं चर्च पुसून टाकलं.

शनिवारी अख्खं वऱ्हाड एका दोराला धरून चर्चला गेलं. पुढं पाद्रीबाबा. ते आदल्या दिवशी सकाळीच येऊन प्रोकोपकडे उतरले होते. मागं लुबोमिर, नवरा मुलगा, मग ओरिस्या; तिच्या पदरावर कुणाचा तरी तो अस्वलाचा कोट. युस्तिना मागून ओरडत होती, "पदरऽऽ, पदर सांभाळाऽऽ," आणि वारा तिचे रबर ओढून कुठल्या कुठं नेत होता. पायऱ्यांवर राख होती, कुणी घसरलं नाही. फक्त वाजंत्रीवाल्याचं ॲकॉर्डियन थंडीनं आखडलं आणि पहिली दोन गाणी तो नुसत्या तोंडानं वाजवत होता.

जेवण कंदिलांच्या उजेडात झालं. जुना स्टोव्ह लाल झाला होता. बाहेर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून कुणाला घाईही नव्हती. लग्नाची मोठी गोड पावरोटी फिरवली जात होती, एकेक जण उठून वधूवरांसाठी दोन शब्द बोलत होता. युस्तिना बोलली, इव्हान्नाबाई बोलल्या. प्रोकोप उठला आणि म्हणाला, मावशीनं यंदा डुक्कर उलटं वाचलं म्हणून आपण सगळे सरळ उभे आहोत. लोक हसले. टेक्लाही हसली, आणि पुढ्यातल्या ताटाकडे बघत राहिली.

मग ओनुफ्री उठला.

असं कधी झालेलं नव्हतं. त्यानं टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"टेक्ला चुकली नव्हती," तो म्हणाला. "ताट मी ठेवलं. पलीकडून. तिनं फोनवर सांगितलं चूक माझी एकटीची. ते खरं नाही." त्यानं पुढचा शब्द शोधला आणि मिळाला नाही. "हं," तो म्हणाला आणि बसला.

टेक्लानं शेजारी हात नेला, त्याच्या ताटलीतला काटा उचलला, आणि त्याच्या उजव्या बाजूला ठेवला. ओनुफ्रीनं तो पाहिला आणि तसाच, उजव्या हातानं, जेवायला लागला.

बस सोमवारी निघाली, साफ केलेल्या रस्त्यावरून, सगळी माणसं आणि उरलेल्या पिरोह्या घेऊन.

गावात मत अजून दुभंगलेलं आहे. काही म्हणतात, फेब्रुवारीत वादळ यायला पानथरी कशाला लागते, येतंच एखादं. काही म्हणतात, मावशीचा अंगठा. टेक्लाला विचारलं तर ती म्हणते, रेडिओ ऐका, आणि राखेची बादली भरून ठेवा. पण पुढच्या ऑक्टोबरात, पहिलं भुरभुरतं बर्फ पडून गेल्यावर, तिचं स्वयंपाकघर नेहमीपेक्षा जास्तच भरलं होतं. फ्रीझर भिंतीपाशी सरकवलेला होता. टेबलाच्या डाव्या कडेवर कुणीतरी लाल नखरंगानं डुकराचं एक गोल, कान असलेलं डोकं काढून ठेवलं होतं. नखरंग गावात एकट्या युस्तिनाकडे होता, पण तिनं ते कबूल केलं नाही.

ओनुफ्री ताट घेऊन आला. टेबलाला वळसा घालून अलीकडे आला, टेक्लाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. ताट ठेवलं.

टेक्लानं सुरी उचलली, पण रेघ ओढली नाही. ती थांबली. सगळे थांबले.

"डोकं इकडं," ओनुफ्री मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि डाव्या टोकावर बोट ठेवलं.

"कळलं," टेक्ला म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.